वाघाची शतपावली

एका जंगलात, मुलांनो, वाघाला अपचन झालं.

अपचन तुम्हालाही होतं. पण तुमच्या अपचनाने शेजाऱ्याचं अंगण लहान होत नाही. राजाच्या अपचनाची गोष्ट वेगळी असते.

अस्वलवैद्यांनी महाराजांची जीभ पाहिली, पोट दाबलं आणि सांगितलं, "जेवणानंतर शतपावली घाला. शंभर पावलं. सरळ, सावकाश."

महाराज गुहेबाहेर आले आणि चालू लागले. दहाव्या पावलाला समोर एक चितळ दिसलं. महाराजांना पुन्हा भूक लागली. त्यांनी ते खाल्लं. अपचन वाढलं.

तेव्हा असं ठरलं की महाराजांच्या वाटेवर कुणी दिसूच नये. त्यासाठी कुंपण हवं. गुहेसमोर मोठं कुरण होतं. चितळं, ससे, टिटव्या, सगळे तिथेच राहत. त्या कुरणातली शंभर पावलं जागा बोरीच्या काट्यांनी बंद करायची, असा हुकूम निघाला.

"आणि वैद्यांनी पावलं वाढवायला सांगितली तर?" महाराजांनी विचारलं.

"महाराज तेवढ्याच जागेत मागे फिरले तरी चालेल," वैद्य म्हणाले.

"राजा मागे फिरत नाही," दिवाण म्हणाले.

हे दिवाण म्हणजे धनेश पक्षी. चोच केवढी मोठी, तिच्यावर आणखी एक शिरस्त्राण. आवाज इतका भारदस्त की ते "आज मंगळवार" म्हणाले तरी ऐकणाऱ्याला वाटे, काहीतरी मंजूर झालं. म्हणून दर पौर्णिमेला कुंपण पुढे सरकवायचं ठरलं आणि दिवाणांनी दोन तक्ते तयार केले. एक कुंपणाचा, एक पाटाचा.

पाट कशासाठी, ते सांगतो. कुरणातले प्राणी ज्या तळ्यावर पाणी प्यायचे ते तळं पहिल्याच शंभर पावलांत कुंपणाच्या आत जाणार होतं. राजा दयाळू होता. म्हणून कुरणाच्या खालच्या टोकाला जो खळगा होता, तिथपर्यंत तळ्यापासून दोनशे पावलांचा पाट खणून द्यायचं ठरलं. पाट खळग्याला मिळाला की तळ्याचं दार उघडायचं. त्याआधी नाही.

कुंपणाचा तक्ता असा होता. पहिल्या पौर्णिमेला कुंपण शंभर पावलं पुढे. दुसऱ्या पौर्णिमेला शंभराचा दुसरा हिस्सा, म्हणजे पन्नास. तिसऱ्या पौर्णिमेला तिसरा हिस्सा, चौथ्या पौर्णिमेला चौथा, इत्यादी.

पाटाचा तक्ता असा होता. पहिल्या पौर्णिमेला पाट शंभर पावलं पुढे. दुसऱ्या पौर्णिमेला त्याच्या निम्मे, म्हणजे पन्नास. तिसऱ्या पौर्णिमेला पन्नासाच्या निम्मे, चौथ्या पौर्णिमेला त्याच्या निम्मे, इत्यादी.

दोन्ही तक्त्यांच्या माथ्यावर एकच नाव होतं : 'घटता तक्ता'.

मुलांनो, कुठल्याही सरकारी कागदात 'इत्यादी' दिसलं की तिथे बोट ठेवून थांबायला शिका. सगळ्या गोष्टी तिथेच घडतात.

तक्त्यांवर 'हरकत नाही' असं लिहून द्यायला सरकारी मोजणीदाराला बोलावलं. मोजणीदार होती कोंडाबाई साळिंदर. साळिंदरं खरं तर रात्री हिंडतात, पण सरकारी नोकरी दिवसाची असते. कोंडाबाईला त्याची सवय झाली होती. तिच्याकडे महाराजांच्या एका पावलाच्या मापाची वेळूची काठी होती, आणि हद्दीच्या खुणा रोवायला तिला बाहेरून काही आणावं लागत नसे. स्वतःच्या पाठीवरचा काटा उपटायचा आणि जमिनीत रोवायचा. हद्द जितकी सरके तितकी तिची पाठ उघडी पडे. ती तक्रार करत नसे. वीस वर्षांत तिचं माप एका बोटानेही चुकलं नव्हतं, आणि जंगलात हे सगळ्यांना माहीत होतं.

तिने दोन्ही तक्ते वाचले. शंभर, पन्नास. शंभर, पन्नास. पुढे दोन्ही घटतच होते.

"दर महिन्याला कमी होणार," दिवाण म्हणाले. "होत होत शून्य. यात हरकतीचं काही आहे का, कोंडाबाई?"

"नाही," कोंडाबाई म्हणाली, आणि तिने पंजा उमटवला.

कार्तिकी पौर्णिमेला काम सुरू झालं. तीस रानडुकरांनी बोरीच्या फांद्या ओढत शंभर पावलं पुढे नेल्या. दुसरीकडे रंगोपंत घूस, पाटाचे मुकादम, आपल्या माणसांसह, म्हणजे आपल्या घुशींसह, शंभर पावलं पाट खणून मोकळे झाले. मार्गशीर्षात दोन्हीकडे पन्नास. पौषात कुंपण तेहतीस पावलं सरकलं आणि पाट पंचवीस. एवढ्याशा फरकाकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दर पौर्णिमेनंतर पोपट झाडाझाडांवर बसून सरकारी निवेदन म्हणत. "कुंपणाच्या गतीत घट! सलग चौथ्या महिन्यात घट!" ऐकणाऱ्याला वाटे, कुंपण मागेच येतंय.

फाल्गुनात कुंपण वीस पावलं सरकलं. कोंडाबाई काटे रोवत होती, तेव्हा पारू टिटवी तुरुतुरु चालत तिच्याजवळ आली. पारू तिची जुनी मैत्रीण. टिटवी घरटं झाडावर बांधत नाही हे तुम्हाला माहीत असेल. उघड्या जमिनीवर चार खडे गोळा करते आणि त्यांतच अंडी घालते.

"कोंडाताई, यंदा घर कुठे करू?" पारूने विचारलं. "तो पलीकडचा उंचवटा मला पसंत आहे. पण हे कुंपण तिथवर यायचं नाही ना?"

कोंडाबाईने काठीने अंतर मोजलं. उंचवटा पावणेसदतीस पावलांवर होता.

"अगं, शंभरावरून विसावर आलंय," ती म्हणाली. "आता पुढच्या खेपेला त्याहून कमी, मग त्याहून कमी. तुझ्यापर्यंत पोचायच्या आत आटून जाईल. खुशाल कर घर."

"तू सांगतेस म्हणून करते हं," पारू म्हणाली.

कोंडाबाई खोटं बोलली नव्हती. तिने फक्त वजाबाकी केली होती. बेरीज केली नव्हती.

चैत्र गेला. ऊन चढलं. पाटाच्या टोकाशी दरबाराने एक फळी लावली : 'काम नव्व्याण्णव टक्के पूर्ण'. फळी खरी होती. वैशाखी पौर्णिमेचं काम झाल्यावर पाट आणि खळगा यांच्यात फक्त दीड पाऊल माती उरली होती. चितळं रोज येऊन त्या दीड पावलाकडे बघत उभी राहत. तळ्याचं दार बंद होतं, पाट कोरडा होता. पाणी प्यायचं तर डोंगराला वळसा घालून अर्ध्या दिवसावरच्या ओढ्यावर जावं लागे.

एक म्हातारी चितळीण जाताना पडली. ती येताना उठेल असं सगळ्यांना वाटलं होतं.

त्या दिवशी चितळांचा म्होरक्या, शिंगाळे आप्पा, मुकादमाकडे गेला.

"रंगोपंत, दीड पाऊल तर उरलंय. एका दुपारचं काम. खणून टाका."

"कसं खणू?" रंगोपंत म्हणाले. "तक्त्यात पुढच्या पौर्णिमेला पाऊण पाऊल लिहिलंय."

"मग आम्ही खुराने उकरतो."

"सरकारी कामाला खूर लावायचा नाही, आप्पा. तशी नोटीस आहे." रंगोपंतांनी आवाज खाली आणला. "मला काय हौस आहे? पुढच्या महिन्यात पाऊण, त्यापुढे त्याच्या निम्मं, मग त्याच्याही निम्मं. वर्षभराने माझ्या घुशी एकेका मिशीने माती सरकवत बसणार आहेत. तेसुद्धा निम्मी मिशी."

कोंडाबाई जवळच उभी होती. तिने हे ऐकलं. ती तडक कुंपणाकडे गेली. वैशाखी पौर्णिमेला तिने तिथे नवे काटे रोवले होते. तिने काठीने मोजलं. शेवटच्या काट्यापासून उंचवटा पावणेसहा पावलांवर होता. उंचवट्यावर पारू बसली होती. तिच्या पोटाखाली चार अंडी होती. त्याच आठवड्यात घातलेली.

"काय गं, तोंड का उतरलंय?" पारूने विचारलं.

"पुढच्या पौर्णिमेला किती सरकणार, ते बघत होते."

"किती?"

आठवी पौर्णिमा. शंभराचा आठवा हिस्सा. कोंडाबाईने ते मनात तीनदा केलं. तिन्ही वेळा साडेबाराच आलं.

"अजून मोजते आहे," ती म्हणाली आणि तिथून निघाली. वीस वर्षांच्या नोकरीत तिने सांगितलेलं हे पहिलं खोटं.

पारूची पिल्लं बाहेर पडायला पौर्णिमेनंतर आणखी पाच-सहा दिवस लागणार होते. आणि तीस रानडुकरं कुंपण ओढत चालली की खाली बघत नाहीत.

कोंडाबाई एका पळसाखाली बसली. उरलेले काटे तिने समोर मांडले. प्रत्येक पौर्णिमेचा टप्पा म्हणजे एक काटा. मोठे अलीकडे, बारके पलीकडे. वीस वर्षं तिने एकेक टप्पा मोजला होता. आज ती पहिल्यांदा सगळे मिळून मोजत होती.

तिसरा आणि चौथा हिस्सा तिने एकत्र केला. पन्नासाच्या वर गेला. पाचव्यापासून आठव्यापर्यंतचे चार एकत्र केले. त्यांतला सगळ्यात बारका साडेबारा, आणि चार वेळा साडेबारा म्हणजे पन्नास. पुन्हा पन्नासाच्या वर. नवव्यापासून सोळाव्यापर्यंतचे आठ घेतले. सगळ्यात बारका सव्वासहा, आठ वेळा सव्वासहा म्हणजे पन्नास. पुन्हा वर. त्यापुढचे सोळा घेतले. पुन्हा पन्नास.

तिने काटे खाली ठेवले. टप्पे बारीक होत होते, दिवस जास्त लागत होते, पण पन्नास पावलं दर खेपेला हातात येतच होती. हे कुंपण कुरणाच्या टोकाशी थांबणार नव्हतं. ओढ्याशी थांबणार नव्हतं. शेजारच्या जंगलाशीही थांबणार नव्हतं. ते फक्त दमल्यासारखं दाखवत चालत राहणार होतं.

आणि पाट? तो काही केल्या दोनशेवर पोचणार नव्हता. दोन्ही तक्ते शून्याकडेच जात होते. एकाच्या बेरजेला अंत नव्हता आणि दुसऱ्याची बेरीज दोनशेच्या उंबऱ्यावर जन्मभर उभी राहणार होती. जे घ्यायचं त्याला पहिला तक्ता लावला होता. जे द्यायचं त्याला दुसरा.

'हरकत नाही' वर पंजा तिचाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दिवाणांकडे गेली. दिवाण उंबर खात होते.

"दिवाणसाहेब, कुंपणाचा तक्ता चुकलाय," ती म्हणाली. तिने पळसाखालची सगळी बेरीज सांगितली. दिवाणांनी ती शांतपणे ऐकली. मध्ये दोन उंबरं खाल्ली.

"कोंडाबाई, तुम्ही हुशार आहात," ते म्हणाले. "पण आकड्यांत फार गुंतता. टप्पा दर महिन्याला कमी होतोय की नाही?"

"होतोय."

"एके दिवशी तो तुमच्या काट्याच्या टोकापेक्षा बारीक होईल की नाही?"

"होईल."

"मग जी गोष्ट दिसणारसुद्धा नाही, तिची भीती कशाला?"

"दिसणार नाही, पण साठत जाईल."

"न दिसणारं साठलं तर साठलेलंही दिसणार नाही," दिवाण म्हणाले. त्यांच्या आवाजात हे इतकं शहाणपणाचं वाटलं की कोंडाबाई दारापर्यंत गेली आणि मग तिच्या लक्षात आलं की त्यात काही अर्थ नव्हता.

ती परत वळली. "मला महाराजांसमोर बोलायचंय."

"अवश्य. सोमवारी दरबार आहे. दुपारच्या जेवणाआधी."

दिवाणांनी वेळ विचार करून दिली होती. जेवणाआधी महाराज कुणाचं फार ऐकत नसत, आणि बोलणारा फार लांबवतही नसे.

सोमवारी कुरणातले सगळे आले. शिंगाळे आप्पा आपला कळप घेऊन आला. पारू अंडी सोडून येऊ शकत नव्हती. ती उंचवट्यावरूनच ओरडत होती, आणि टिटवीचं ओरडणं दरबारापर्यंत सहज पोचतं.

कोंडाबाईने महाराजांसमोर काटे मांडले. तिसरा, चौथा. पाच ते आठ. नऊ ते सोळा. बेरीज बरोबर होती.

महाराजांनी जांभई दिली. जांभईत सगळे दात मोजता आले.

"दिवाण, ही काय म्हणते?"

"म्हणते की कुंपणाचा टप्पा दर महिन्याला कमी होतोय, महाराज."

"मग चांगलं आहे की."

"महाराज, कमी होतोय पण थांबत नाही!" कोंडाबाई म्हणाली. "पाटाचा तक्ता वेगळा आहे. तो दोनशेच्या पुढे जाऊच शकत नाही. पोचूच शकत नाही."

"वेगळा?" महाराजांनी दिवाणांकडे पाहिलं.

दिवाण पुढे आले. त्यांनी चोच उंचावली. "महाराज, दोन्ही तक्ते शंभरापासून सुरू होतात. दोन्ही दर महिन्याला घटतात. दोन्ही शून्याकडे जातात. दोन्हींचं नावसुद्धा एकच आहे. या दोहोंत फरक आहे असं जो म्हणेल, त्याची मोजणी तपासून घ्यावी लागेल. मी हे सर्व दरबारासमोर जबाबदारीने सांगतो. काडीचाही फरक नाही."

दरबार हुश्श झाला. फरक नाही हे ऐकायला सगळ्यांना बरं वाटतं. शिंगाळे आप्पानेसुद्धा मान हलवली आणि मग ती मधेच थांबवली.

कोंडाबाईने मांडलेल्या काट्यांकडे पाहिलं. वीस वर्षं बिनचूक मोजलं होतं, आणि आता अख्ख्या दरबारात तिच्या मोजणीवर संशय घेतला गेला होता. लांबून पारूचा आवाज येत होता. कोंडाबाईला रडू यायला लागलं होतं. साळिंदराला रडू आलं की काटे उभे राहतात, त्यामुळे बघणाऱ्यांना ती रागावलेली दिसते.

तिने काटे एकेक करून गोळा केले.

"चूक माझी, महाराज," ती म्हणाली. "दिवाणसाहेब म्हणतात तर दोन्ही तक्ते सारखेच असतील."

"झालं तर मग," महाराज उठायला लागले.

"एकच विनंती. सारखेच आहेत, तर येत्या पौर्णिमेपासून त्यांची अदलाबदल करावी. कुंपणाचा तक्ता पाटाला आणि पाटाचा कुंपणाला. सारख्यात सारखं. कुणाचं काही बिघडणार नाही. माझं मात्र समाधान होईल."



दिवाणांनी चोच उघडली. ती उघडीच राहिली. उंबर खातानासुद्धा इतकी उघडत नसे. कोंडाबाईने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिला एक गोष्ट कळली. दिवाणांना बेरीज येत होती. पहिल्या दिवसापासून येत होती.

"बोला दिवाण," महाराज म्हणाले. "काही फरक पडतो का?"

फरक पडतो म्हणावं, तर आत्ताच जबाबदारीने सांगितलेलं खोटं ठरत होतं. पडत नाही म्हणावं, तर अदलाबदल होत होती. दिवाणांनी महाराजांकडे पाहिलं, दरबाराकडे पाहिलं, आणि महाराजांच्या पोटातून आलेला आवाज ऐकला. जेवणाची वेळ झाली होती.

"नाही, महाराज," दिवाण म्हणाले.

"मग करा अदलाबदल. आणि हुकूम झाला की झाला. पुन्हा हे काटे माझ्यासमोर आणू नका. पान वाढा."

ज्येष्ठी पौर्णिमेच्या सकाळी तीस रानडुकरं कुंपणाशी उभी राहिली. कोंडाबाईने नव्या तक्त्याप्रमाणे आठवा टप्पा मोजला. पाऊण पाऊल. रानडुकरांनी जोर लावायला दम घेतला, आणि जोर लावायच्या आत काम संपलं. ती गोंधळून एकमेकांकडे बघत राहिली. उंचवट्यावर पारू अंडी झाकून डोळे मिटून बसली होती. तिने एक डोळा उघडला. कुंपण अजून पाच पावलं लांब होतं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं," कोंडाबाई म्हणाली. "पुढे कितीही महिने सरकलं तरी सगळं मिळून आणखी पाऊण पावलाच्या पुढे जाणार नाही."

"नक्की ना? मागेही तू नक्कीच म्हणाली होतीस."

"यावेळी बेरीज केली आहे," कोंडाबाई म्हणाली.

तिकडे पाटावर रंगोपंत आपल्या घुशींना सांगत होते, "आज साडेबारा पावलं!" घुशींना आधी खरं वाटेना. मग त्यांनी अशी माती उडवली की दीड पाऊल कधी संपलं ते कळलंच नाही. पाट खळग्याला मिळाला आणि खळगा ओलांडून अकरा पावलं पुढेही गेला. तळ्याचं दार उघडलं. पाणी आलं. आधी मातकट, मग नितळ. चितळं एकमेकांना न ढकलता पाणी प्यायली. बऱ्याच जणांना पिताना त्या म्हाताऱ्या चितळिणीची आठवण झाली. 

सहा दिवसांनी पारूची चारही पिल्लं बाहेर आली. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर तासाभरात पळायला लागतात. ती पळाली. कोंडाबाई त्यांना बघायला गेली तेव्हा उंचवट्यावर नुसती टरफलं होती. पुढच्या वर्षी पारूने घर दुसरीकडे केलं. म्हणाली, पाट आल्यापासून इथे ओल फार झाली.

पाट पुढे चालतच राहिला. अकरा पावलं, दहा, नऊ. खालच्या अंगाला राहणाऱ्या गव्यांना वाटलं, आपल्याकडे कधी येणार? कोंडाबाईने हिशेब करून सांगितलं, "वेळ लागेल. पण येईल." तिथून पुढच्या रानातल्या भेकरांनी विचारलं. तिने त्यांनाही तेच सांगितलं. "फार वेळ लागेल. पण येईल." पोपटांनी झाडाझाडांवर निवेदन म्हटलं. "दिवाणांच्या दूरदृष्टीने पाणी दारोदार!" दिवाणांना महाराजांनी एक उंबराचं झाड बक्षीस दिलं.

वर्षं गेली. कोंडाबाईची पाठ आता वाळवंटासारखी दिसत होती. तिची लेक करवंदीच्या टेकडीवर दिली होती. आई, आता इकडे ये, असे निरोप येत होते. नातवंडं झाली होती, त्यांचे काटे अजून मऊ होते, आणि ते तसे आहेत तोवर त्यांना कुशीत घेता येईल, असं कोंडाबाईच्या मनात होतं. काटे कडक झाले की साळिंदराच्या नातवंडांना कुणी कुशीत घेत नाही.

ती दिवाणांकडे गेली. "मला निवृत्त करा," ती म्हणाली.

"आनंदाने," दिवाण म्हणाले. ते तिच्याशी नेहमी फार अदबीने बोलत. "नियम तुम्हाला ठाऊकच आहे. हातातलं काम संपलं की निवृत्ती. कुंपणाचं काम कुठवर आलंय?"

"गेल्या पौर्णिमेचा टप्पा दिसेनासा झालाय, साहेब. मी काटा तिथेच धरते आणि 'सरकला' म्हणते. रानडुकरं येणंही बंद झाली. मी एकटीच जाते."

"पण सरकला का?"

कोंडाबाईला खोटं बोलता आलं असतं. एकदा बोलली होती. पण मोजणीच्या बाबतीत तिला ते जमत नसे.

"सरकला," ती म्हणाली.

"मग अजून किती उरलंय?"

"आत्ताच्या टप्प्याएवढं. या तक्त्यात नेहमी तेवढंच उरतं."

"म्हणजे उरलंय," दिवाण म्हणाले.

"हो."

"मग पुढच्या पौर्णिमेला या," दिवाण म्हणाले आणि त्यांनी तिच्यासाठी स्वतः दार उघडून धरलं.

कोंडाबाई बाहेर आली. तिने वेळूची काठी घेतली आणि ती कुंपणाकडे चालू लागली. बिनचूक मोजायचं तर थोडं आधी पोचलेलं बरं असतं.

तात्पर्य : थेंबे थेंबे तळे साचते, असं मोठी माणसं सांगतात. मुलांनो, काही थेंबांनी साचतं, काही थेंब जन्मभर पडले तरी वाटी भरत नाही, आणि दोन्ही थेंब दिसायला सारखेच असतात. त्यांतला फरक ओळखायला जरूर शिका. मात्र ओळखता आला तर कुणाला सांगू नका. सांगितलात तर पाणी सगळ्यांना मिळतं आणि थेंब मोजायचं काम तुम्हाला.